चौदा नंबरचं पाकीट

धुळे,
९ जुलै २०२४

ती. नानामामांस,
नूतनचा नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फोनवरचं मी विसरतो आणि तू नाकारतेस. काय हवं ते कागदावर लिहून धाड." रावेर तालुक्यात चौतीस वर्षं गावपोस्ट चालवलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? तेव्हा हे घ्या, कागदावर.

तुमच्या पाटाकडच्या बागेतल्या शेवटच्या वीस केळींना मी रविवारी नंबरचे बिल्ले बांधून आले आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक झाडाच्या वरून तिसऱ्या पानाचा तळहाताएवढा तुकडा तोडायचा, त्याच नंबरच्या कागदी पाकिटात घालायचा आणि वीस पाकिटं डब्यात भरून एसटीच्या पार्सलने मला पाठवायची. पाकिटातले पांढरे दाणे काढू नका, ते ओल शोषतात. झाडाला रोग दिसला तरी उपटू नका, ही वीस झाडं माझी. आणि मामीला सांगा, पानं धुवायची नाहीत. ती धुणारच, म्हणून पुन्हा सांगते. धुवायची नाहीत.

हे कशासाठी, ते मामीला कळेल असं लिही म्हणालात. हरण्या रोग तुम्हाला कळतो तो पानावर पिवळे पट्टे आल्यावर. तोवर त्याचा विषाणू आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. मी तो आधीच पकडायला बघते. पानाचा रस काढून त्यातला विषाणूचा अंश यंत्रात लाखोपट वाढवायचा. असला तर पट्टी उमटते, नसला तर जागा कोरी राहते. एवढंच माझं काम. एवढ्यासाठी पीएच.डी. केली, हैदराबादला सहा वर्षं काढली, परदेशात दोन काढली, आणि आता धुळ्याच्या केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर बसले आहे. ही तिसरी. त्रेचाळीस पूर्ण झाली. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या नवलला म्हणे जावई आला. मला अजून टेबलाला स्वतःचं कुलूप मिळालेलं नाही.

तुमचा गुडघा सांभाळा.
नूतन


रावेर,
८ ऑगस्ट २०२४

चि. नूतन,
अनेक आशीर्वाद.

जुलैची पाकिटं पोचल्याचं कळलं. ती मी स्वतः तोडून भरली होती. ऑगस्टची काल पाठवली. गुडघ्याने या वेळी मला पुरतंच पाडलं, आठ दिवस खाटेवरून उठलो नाही. म्हणून पानं मामीने तोडून आणली, पाकिटं तिनेच भरली. वर नंबर मी आधीच घालून ठेवले होते, त्यामुळे गफलत व्हायचं कारण नाही. वीसची वीस मोजून डबा बंद केला. टपालाच्या बाबतीत माझा हात सांगतो तेच होतं, हे तुला माहीत आहे.

पानं धुतलेली नाहीत. मामी पाण्याची कळशी घेऊन बसली होती, मी ती आत नेऊन ठेवायला लावली. "तुमची पोरगी भलतीच," एवढं म्हणाली.

पावसाळी हवा धरून आहे, मावा कीड पडलीय, तीच हा रोग पसरवते. हरण्या येणार असं सगळे म्हणतात. तू म्हणालीस म्हणून त्या वीस झाडांना हात लावणार नाही, पण शेजारचा बन्सीलाल रोज बांधावर उभा राहून माझ्याकडे असा बघतो, जसा काही मी त्याच्या घरात साप सोडलाय.

तुझा मामा,
अभिमन


धुळे,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. नानामामांस,
नमस्कार.

आज बऱ्याच वर्षांनी असं काही लिहायला बसले आहे की हात घाईत आहे.

तुमच्या वीस झाडांपैकी सोळांमध्ये विषाणू आहे. त्यात ११, १२, १३ आहेत, १५, १६, १७ आहेत. मधलं १४ कोरं आहे. ऑगस्टला कोरं, सप्टेंबरला कोरं, ऑक्टोबरला कोरं, आणि या महिन्यातही कोरं. आमच्या तंत्रज्ञ मुमताज आहेत, त्यांनी तीनदा केलं, मग मी स्वतः केलं. दोन्हीकडची झाडं रोगाने पिवळी पडली आणि मधलं एक तसंच उभं. मग त्याचा डीएनए तपासला. तुमच्या बाकीच्या एकोणीस झाडांपेक्षा त्यात बारीकसा फरक सापडला. केळीत असे बदल आपोआप होतात, हजारांत एखाद्या झाडात. तोच बदल त्या झाडाला वाचवत असेल तर नाना, याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. रावेर ते चोपडा, सगळ्या बागांचा प्रश्न आहे.

आमचे प्रमुख, डॉ. गिरधर सर, सहसा माझ्या खोलीत येत नाहीत. परवा आले, बसले, आणि म्हणाले, "नूतनबाई, लगेच लिहायला घ्या." लेख लिहिते आहे. यायचं फार मनात आहे, झाड डोळ्यांनी बघायचं आहे, पण सरांची तीन शिबिरं माझ्या गळ्यात आहेत. कायम नोकरीतल्या माणसांची कामं उरली की ती आमच्याकडे येतात.

मामीला सांगा, तिच्या हातची पानं नशीबवान निघाली.

नूतन


रावेर,
१ डिसेंबर २०२४

चि. नूतन,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. गल्लीतला प्रेमराज होता, लताबाई होत्या, बन्सीलालही बांध सोडून आला. "आपल्या वावरातलं झाड," असं मी चारदा म्हणालो असेन. बन्सीलाल म्हणाला, "नाना, त्याच्या बुडाले मुनवे फुटले की पहिला मले." माणूस कसा बदलतो बघ.

मामी मात्र पत्र अर्धं असतानाच उठून आत गेली. विचारलं तर म्हणाली, चुलीवर दूध आहे. नंतर जेवताना म्हणाली, "त्या चवदाचं आता पुरे करा म्हना तिले. बाकीच्याईचं काय ते बघ म्हना." मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. बायकांना कौतुकाची दृष्ट लागण्याची भीती असते, तसंच असेल.

गुडघा अजून वाकत नाही. पाटापर्यंतची वाट माझ्या नशिबात नाही, पाकिटं मामीच भरते आहे.

अभिमन


धुळे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. नानामामांस,

लेख स्वीकारला गेला. एप्रिलअखेर छापून येईल.

आणि केंद्रात कायम शास्त्रज्ञाची एक जागा निघाली आहे. पाच वर्षांत पहिली. मुलाखत २० मार्चला आहे. वयाची अट पंचेचाळीस, म्हणजे माझ्यासाठी ही पहिली तशीच शेवटची. समोर तिशीतली पोरं असतील, त्यांच्याकडे मोठमोठ्या लेखांच्या याद्या असतील. माझ्याकडे चौदा नंबरचं झाड आहे. सर म्हणाले, तेवढं पुरे.

खरं सांगू? आनंद होतोय की नाही ते कळण्याइतकी ताकद उरलेली नाही. फक्त बसायचं आहे. कुणी उठ म्हणणार नाही अशा खुर्चीवर.

एक काम करा. चौदाच्या बुडाशी आता मुनवे फुटले असतील. त्यांतले दोन, कंदासकट उकरून, गोणपाटात गुंडाळून पाठवा. इथे काचघरात वाढवून त्यांना मुद्दाम विषाणू लावून बघायचा आहे. हे एवढं झालं की कुणाला शंका काढायला जागा राहणार नाही.

नूतन


रावेर,
२ मार्च २०२५

चि. नूतन,

गावातल्या दीपकच्या ट्रॅक्टरवर बसून आज सात महिन्यांनी पाटाकडे गेलो. तेरा नंबर आहे. पंधरा नंबर आहे. मध्ये खड्डा आहे, त्यात गवत माजलंय. बिल्ला गवतात सापडला.

दीपकने सांगितलं. श्रावण लागताना शेणखत टाकायला आला तेव्हा ट्रॅक्टर वळवताना ते झाड कंदासकट उखडलं. मी तेव्हा खाटेवर होतो. त्याने मामीला सांगितलं आणि मामी म्हणाली, "राहू दे, त्याहिले सांगू नको, गुडघ्याच्या तापात अजून चिडतीन."

घरी येऊन मामीला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "एकोनीस पाकिटं भरली. चवदाचं रिकामं राह्यलं. तिनं वीस सांगेल व्हती. लेकीच्या घरी रिकामं कसं धाडू? आपन रिकामा डबा त शेजारनीलेबी देत नाई. न्हानीमांगच्या केळीचं चांगलं पान तोडलं, घातलं. दर महिन्याले तेच घातलं. मले काय माहीत, ती त्याच्यातून येवढं काढीन."

न्हाणीमागची केळ म्हणजे तिने लग्नानंतर मुक्ताईनगरच्या माहेरून आणलेली, बसराई जातीची. तू लहानपणी जिच्या खाली बाहुली पुरली होतीस ती. पाटाची बाग टिश्यूकल्चरची ग्रँड नैन. दोन्हींची पानं बघायला सारखीच, पण जाती एक नव्हेत. तुझा तो बारीक फरक हाच, एवढं मला न शिकताही कळलं. आणि रोग कसा लागेल? ती भिंतीआड, धुण्याच्या पाण्यावर एकटी वाढते.

झाड नव्हतंच, नूतन. चौदा नंबरला ऑगस्टपासून झाडच नाही.

अभिमन

ता. क., २४ मार्च : हे पत्र लिहिलं त्या दिवशी टाकलं नाही. तिकीट लावून कोनाड्यात ठेवलं. तुझी मुलाखत होऊन जाऊ दे असं मनाने घेतलं. चौतीस वर्षांत मी कुणाचं पत्र एक दिवस अडवलं नव्हतं, मनीऑर्डर नाही की मयतीची तार नाही. भाचीचं बावीस दिवस अडवलं. आज टाकतो आहे.


धुळे,
२९ मार्च २०२५

नाना,

पत्र मिळालं.

मुलाखत चांगली झाली होती. मंडळाने वीस मिनिटं चौदा नंबरवरच विचारलं. मी फळ्यावर झाडांच्या ओळी काढून दाखवल्या, मध्ये चौदाला हिरवं वर्तुळ केलं. सरांनी काल कानावर घातलं, यादीत पहिलं नाव माझं आहे. १५ एप्रिलला लावतील.

तुम्ही पत्र वेळेवर टाकलं असतं तर मी हरून आले असते. हरायची मला सवय आहे. आता मी पाच माणसांसमोर उभी राहून नसलेल्या झाडाविषयी बोलून आले आहे आणि त्यांनी माना डोलावल्या आहेत. माझं भलं करायला गेलात. मामीही माझं भलंच करायला गेली. तुम्हा दोघांच्या मायेपुढे मी काय करू, ते मला खरंच कळत नाही.

सरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, "आधी रुजू व्हा. लेखाची दुरुस्ती काय, सहा महिन्यांनी चार ओळींत देता येते. हे तुम्ही, मी आणि तुमच्या मामी सोडून कुणाला ठाऊक आहे?"

काही दिवस मला पत्र लिहू नका.

नूतन


रावेर,
५ एप्रिल २०२५

चि. नूतन,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितो. हे पत्र माझं नाही. मामीने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतो आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

"नूतन, मी तुले आठ वरसाची असल्यापासून वाढोलं. तुही माय गेली तवा तू तीन दिवस जेवली नव्हती. मले फक्त येवढंच येते, समोरच्याचं ताट रिकामं दिसलं का त्यात वाढनं. माह्या हातून चूक झाली. तुही नौकरी त्याच्यावर हाये असं मामा म्हनतात. त मंग मी कोनाले सांगनार नाई. दीपकलेबी शपथ घातली. न्हानीमांगची केळ तोडून टाकू का, तेवढं कळव. तोडली त कोनाले कसं समजंन? तू बस त्या खुर्चीवर. लई दिवस उभी हायेस."

इथे ती थांबली. मी विचारलं, अजून काही? म्हणाली, "तिले म्हना, उन्हातान्हात उपाशी फिरू नको."

माझं म्हणून एवढंच. ती कुणाला सांगणार नाही, मीही नाही. पण कोनाड्याकडे नजर गेली की अजून मला ते पाकीट दिसतं. तू ठरव. जे ठरवशील त्यात मी आहे.

अभिमन


धुळे,
१८ मे २०२५

ती. नाना आणि मामी, दोघांनाही,
नमस्कार.

सगळ्यात आधी, न्हाणीमागची केळ तोडायची नाही. तोडली असेल तर मला तोंड दाखवू नका.

१० एप्रिलला मी लेख मागे घेतला आणि मंडळाला तीन ओळींचं पत्र दिलं. १५ तारखेला यादी लागली, त्यात बारामतीकडच्या एका मुलाचं नाव आहे. हुशार आहे, वागायला बरा आहे. पुढची जागा निघेल तेव्हा मी वयात बसणार नाही. सर जिन्यात भेटले की मोबाईल बघतात. नेमणूक सहा महिन्यांनी वाढवली आहे, अकरा नाही, सहा. मुमताजनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डबा ठेवला आणि कामाला गेल्या.

आता मामीसाठी. तू चूक झाली म्हणतेस. माझी ऐक. जुलैचं पाकीट नानांनी भरलं होतं, ते खऱ्या चौदाचं. त्याचा डीएनए इतर एकोणीस झाडांसारखाच निघाला होता, ऑगस्टनंतरच्या चौदापेक्षा वेगळा. एकाच झाडाची दोन पानं, आणि ती जुळत नव्हती. मुमताज तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मॅडम, जुलैचं काहीतरी वेगळंच दिसतंय हो." मी काय केलं? 'नमुना खराब' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. एकदा सुट्टी टाकून रावेरला आले असते, बांधावर उभी राहिले असते, तर खड्डा दिसला असता. तुला माहीत नव्हतं म्हणून तू पाकीट भरलंस. मला माहीत असायला हवं होतं, आणि मी बघितलं नाही, कारण मला वीस वर्षांनी एकदा तरी काहीतरी सापडायला हवं होतं. रिकामी जागा मलाही सोसली नाही. मंडळाच्या पत्रात मी तुझं नाव घातलेलं नाही. शेरा माझा होता.

नाना, तुमच्यावर मी फार रागावले होते. आता तेवढी ताकद नाही. थकले आहे. सकाळी केंद्राच्या पायऱ्या चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, आणि ते वयामुळे नाही. हैदराबादला गेले तेव्हा मामीने लाडू भरून दिलेला डबा मी परत आणताना रिकामा आणला होता. तिने तो हातात घेऊन दारातच विचारलं होतं, "तिकडं कोनीच नव्हतं का तुले, भरून देनारं?" ते वाक्य या महिन्यात मला रोज आठवतं.

काम मात्र आहे. आता त्या झाडांचे घड निघतील आणि बुडाच्या मुनव्यांवर पिलबाग धराल. मूळ झाडातला विषाणू मुनव्यात उतरतो का, हे मला बघायचं आहे. कुणी त्यासाठी खुर्ची देणार नाही. पण रावेरच्या लोकांना ते कळलं तर कुठलं पिल ठेवायचं आणि कुठलं उपटायचं एवढं तरी ठरवता येईल. ऑगस्टपासून पुन्हा पाकिटं पाठवा. बिल्ले तेच, नंबर तेच. आणि चौदाचंही पाठवा. वर नंबर घालून, चिकटवून, रिकामं. ते आलं नाही तर चार वर्षांनी माझ्या जागी बसणारं कुणीतरी पुन्हा विचारेल, चौदाचं काय झालं?

मामीला जड जाईल. तिला सांगा, हे मी मागितलं आहे.

नूतन


रावेर,
७ ऑगस्ट २०२५

चि. नूतन,
आशीर्वाद.

आज सकाळच्या गाडीने डबा पाठवला आहे. दुसऱ्या पिशवीत बिबड्या आहेत. त्या नमुन्यांत धरू नकोस, तळून खा. मामीला तेवढी मोकळीक मी दिली, नाहीतर डबा निघाला नसता.

गुडघा या वर्षी बरा आहे. काठी घेऊन पाटापर्यंत मी स्वतः गेलो, मामी बरोबर होती. पिलं चांगली वर आली आहेत. अकराच्या आणि सोळाच्या पिलावर आत्ताच पट्टे दिसू लागलेत, ते आम्ही पाकिटावर लिहिलं आहे. तुला यंत्राआधी डोळ्यांचं सांगितलेलं बरं. बन्सीलालला मी झाल्या गोष्टीतलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग आता माह्या बागेतलीबी पाच पानं घे म्हना तिले." ती वेगळ्या पुडक्यात आहेत.

मामीने एकोणीस पाकिटं भरली, मग चौदाचं हातात घेतलं. मला विचारलं, "हे आसंच?" मी म्हटलं, असंच. तिने ते उघडून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, चुकून पानाचा कण राहिला नाही ना म्हणून उपडं करून झटकलं. मग गोंद लावला, कडेवरून अंगठा फिरवला आणि डब्यात सगळ्यात वर ठेवलं.

चौतीस वर्षांत हजारो पाकिटं माझ्या हातून गेली. एवढं जपून बंद केलेलं मी एकही पाहिलं नाही. पोचलं की कळव.

तुझा मामा,
अभिमन